आयर्विनचा आकडा आणि आपला उंबरा

जुलै संपत आला की सांगलीत कुणी कुणाला ‘पाऊस किती झाला’ असं विचारत नाही. विचारतात, ‘आयर्विनला किती?’ उत्तर फुटांत येतं. ‘अडतीस. चढतंय.’ एवढ्यावर मारुती रोडचा दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर टाकायला लागतो, गावभागात कुणीतरी माळ्याची शिडी बाहेर काढतं आणि नदीपलीकडच्या सांगलवाडीत गोठ्यातली जनावरं कुठं न्यायची याचं बोलणं सुरू होतं.

आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. कृष्णेची पातळी तिथं फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेसाठी हेच काम राजाराम बंधारा करतो. तिथं ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे दोन्ही शहरांत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण धोका पातळी ठरवली जाते ती सगळ्या शहरासाठी मिळून. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर अशा वस्त्यांत इशारा पातळीच्या आसपासच पाणी शिरायला लागतं. तिथल्या माणसांना पंचेचाळीसची वाट पाहून चालत नाही. मिरजेच्या वाटेवर उंचावर राहणाऱ्यांना मात्र पंचेचाळीस ही फक्त बातमी असते.

म्हणून मला वाटतं, नदीकाठच्या प्रत्येक घराला स्वतःचा एक आकडा ठाऊक हवा. आपल्या उंबऱ्याला पाणी टेकेल तेव्हा पुलावर किती फूट असेल? तो सरकारी कागदावर सापडत नाही, आपला आपणच काढावा लागतो. काढणं अवघड नाही. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, चौकातल्या पाराला टेकलं, शेजारच्या घराच्या पायरीला लागलं, की प्रत्येक वेळी घड्याळ बघायचं, त्या तासाचं पुलावरचं माप विचारायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन पावसाळ्यांत त्या गल्लीचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. सगळ्या गल्लीत मिळून एकच वही असली तरी पुरते. ज्यांच्या दारात अजून कधीच पाणी आलेलं नाही त्यांनी गल्लीच्या तोंडापासून आपल्या जोत्यापर्यंत किती फुटांचा चढ आहे तो मोजून घ्यावा. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी असली की हे काम तासाभरात होतं. नदीच्या पाण्यालाही थोडा उतार असतो, त्यामुळं हा हिशेब इंचाला इंच जुळणार नाही. पण फुटाच्या हिशेबात तो उपयोगी पडतो.

एक गोष्ट नव्यानं राहायला आलेल्यांना चकवते. नदी काठ सोडून वर येईल आणि मगच घरात शिरेल, अशी त्यांची समजूत असते. खरं तर पाणी आधी नाल्यातून उलटं येतं. नदीची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर गेली की नाल्याचं पाणी पुढं जाईनासं होतं आणि मागं तुंबत वस्तीत पसरतं. सांगलीत शेरीनाल्याच्या आसपासच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. नदीकडं तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून पूर येतो तो असा.

आता धरणांच्या आकड्यांचं. बातमीत ‘विसर्ग वाढवला, एक लाख क्युसेक’ असं येतं आणि ते मोठं आहे एवढंच आपल्याला कळतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. आंघोळीच्या दोन बादल्या धरा. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. साती उघडले तर सुमारे दहा हजार. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवस वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. राधानगरीचा अख्खा साठा त्याहून थोडा कमी आहे. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या वर. हे डोक्यात असलं की ‘कोयना भरत आली आणि पाऊस थांबत नाही’ या बातमीचं वजन नीट कळतं.

तरीही धरणाच्या विसर्गावरून थेट आपल्या गल्लीचा अंदाज बांधू नये. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि तिथून सांगलीला यायला त्याला बरेच तास लागतात. मधल्या ओढ्यानाल्यांचं पाणी कुणी सोडत नाही, ते येतच असतं. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी दुथडी भरून वाहत असतील तर सांगलीच्या कृष्णेला पुढं सरकायला जागाच उरत नाही. धरणाचे दरवाजे बंद झाले तरी पुलावर पाणी चढतच राहतं ते यामुळं. सगळ्या नद्यांचा एकत्र परिणाम दाखवणारी गोष्ट पुलावरचं माप हीच आहे, आणि तिथं दोन बाबी बघायच्या: आत्ता किती, आणि तासाला किती इंचांनी चढतंय.

समजा तुमच्या घराचा आकडा ४८ आहे. संध्याकाळी पाचला पुलावर ४२ फूट आहेत आणि पाणी तासाला चार इंच चढतंय. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे अठरा तास. उद्या सकाळी अकरा. भरपूर वेळ आहे असं वाटतं. पण मधली रात्र अंधाराची, बहुधा विजेविना. अठरांतले कामाचे तास उजेड असेपर्यंतचे दोन आणि सकाळचे पाच. वरच्या पाणलोटात रात्री पाऊस वाढला तर सकाळचे पाचही जातात. म्हणून कृष्णाकाठी निर्णय नेहमी संध्याकाळच्या आत घ्यावा.

उंबऱ्याच्या आकड्याहून महत्त्वाचा आणखी एक आकडा आहे आणि तो फार थोड्या घरांना माहीत असतो. तुमचा रस्ता कितीला बंद होतो? गावातलं घर उंचावर असतं, गावाचा रस्ता मात्र ओढ्यावरून, सखल रानातून जातो. पाणी आधी रस्ता तोडतं, मग गावाला वेढा घालतं आणि घराच्या पायरीशी सगळ्यात शेवटी येतं. घरात पाणी आलं की निघू म्हणणारा माणूस निघतो तेव्हा त्याला होडीशिवाय वाट नसते.

पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ कृष्णा आणि येरळेच्या संगमावर आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला वेढ्यातून माणसांना बाहेर काढणारी नाव तिथं उलटली आणि लेकराबाळांसह अनेकांचा जीव गेला. त्या दिवशी नावेत किती माणसं होती, जॅकेट का नव्हती, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. पण मला त्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधीचा प्रश्न जास्त छळतो. रस्ता चालू होता तेव्हा ‘आता निघा’ असं ठामपणे सांगणारा एक ठरलेला आकडा गावोगावच्या चावडीवर का लिहिलेला नसतो? चाकांवर आणि पायांवर निघालेली माणसं बुडत नाहीत. होडी, मग ती यांत्रिक असो की काही गावांत वापरतात तशी गुळाची काहील, हा उशीर झाल्यावरचा उपाय आहे.

त्याच आठवड्यात कोल्हापूरचं असंच झालं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडाभर बंद राहिला. ज्यांच्या घराला पाण्याचा थेंब लागला नाही त्यांनाही दूध, पेट्रोल, औषधं मिळेनात. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते आणि तिथून येण्याचा रस्ता तोच.

मग २०१९ ला इतकी माणसं आत राहिली का? बेफिकिरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. उलट बहुतेकांनी विचार करूनच निर्णय घेतला होता. त्यांच्याकडं एक खूण होती. २००५ च्या महापुरात सांगलीला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ते सगळ्यांच्या आठवणीत होतं, कितीतरी भिंतींवर त्याची रेघ होती. ‘पाच सालाला इथवर आलं नव्हतं’ या वाक्यावर माणसांनी सामान रचलं, गाड्या लावल्या, म्हाताऱ्यांना घरात ठेवलं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चार फूट म्हणजे टेबल आणि त्यावर रचलेली पोती. चार फूट म्हणजे आयुष्यात कधी पाणी न पाहिलेल्या कितीतरी गल्ल्या. आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यानं २०१९ चीही पातळी ओलांडली.

मागच्या पुराची रेघ पाणी इथवर येऊ शकतं एवढंच सांगते, इथंच थांबेल असं नाही. पूररेषांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं आपण ऐकतो आणि समजतो की एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू. त्याचा अर्थ तसा नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून या वर्षीची शक्यता घटत नाही. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तो एकदा तरी दारात येण्याची शक्यता चारात एक इतकी भरते. निळ्या रेषेच्या आतल्या घराला दहाच वर्षांत ती तीनात एक होते. तेव्हा ठाऊक असलेल्या सगळ्यात वरच्या रेघेवर आणखी पाच फूट धरावेत आणि घरात उभं राहून बघावं: पाणी इथवर आलं तर मी कुठं असेन, आई कुठं असेल, बाहेर कुठल्या वाटेनं पडेन?

आकडा ठरवून त्याप्रमाणं वागणं आपल्याकडं नवीन नाही. नरसोबाच्या वाडीला दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मंदिरात शिरतं. पादुकांवरून वाहून ते दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी चढेल तशी उत्सवमूर्ती वरच्या मठीत हलवतात, नित्यपूजा तिथं चालू राहते. पाणी अमुक पायरीला आलं की अमुक करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. यंदा थांबेल का, गेल्या वर्षी थांबलं होतं, अशी चर्चा कुणी करत बसत नाही. कोल्हापुरात सुतारवाड्यातली कुटुंबंही अशीच दर मोठ्या पुराला पहिली उठतात आणि चित्रदुर्ग मठात जातात. घरात हे ठरवायचं तर एक प्रश्न सोडवावा लागतो: ‘निघायचं’ हा शब्द कुणी उच्चारायचा? वडील म्हणतात थांबू, मुलगा म्हणतो निघू, आणि या ओढाताणीत दोन तास जातात. त्याऐवजी मे महिन्यात, उन्हात, डोकं शांत असताना ठरवावं की पुलावर ४३ झाले की आजी आणि लहान मुलं मावशीकडं जातील. मग तो निर्णय कुणा एकाचा राहत नाही आणि कुणी भित्रा ठरत नाही.

हे सगळं कृष्णेला लागू पडतं कारण कृष्णा वेळ देते. कोकणातल्या नद्या देत नाहीत. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी काही तासांत बाजारपेठेवर चढलं. सह्याद्रीचा कडा जवळ, उतार तीव्र आणि खाली भरतीचं पाणी वाट अडवून उभं. तिथं गाव सोडून जायची योजना कामाची नाही, योजना वर जाण्याची हवी. आपल्याला मजला नसेल तर कुणाच्या गच्चीवर जायचं, तिथली किल्ली रात्री दोनला कुठं मिळेल, गच्चीवर प्यायचं पाणी आणि ताडपत्री आधीपासून आहे का, एवढंच पण पक्कं.

आणि भूकंपाला तर आयर्विन नाहीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादेत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण घराखाली गेले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर उन्हापासून गारवा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं वाढत गेलेलं मातीचं जड माळवद. जिथं एका सेकंदाचाही अवधी नाही तिथं सगळी तयारी भिंतीत आणि छपरात आधीच करावी लागते: माळवदाचं ओझं कमी करणं, भिंती सांधणं, चौफेर पट्टा बांधणं.

परत कृष्णाकाठी येऊ. माणसं घर सोडत नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. दोन म्हशी म्हणजे घरचा महिन्याचा पगार. त्यांना सोडून शाळेच्या वर्गात जाऊन झोपा, हे सांगणाऱ्याला त्या घराचा हिशेब कळलेला नाही. पंचगंगेकाठच्या आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाली आहे आणि पूर आला की जनावरंही तिकडं हलतात. ज्या गावाला अशी जागा नाही तिथं निवारा केंद्राच्या आधी जनावरांची छावणी ठरवावी, वैरण कोण देणार ते ठरवावं, आणि जनावरं माणसांच्या एक दिवस आधी हलवावीत. जनावर गेलं की मालक निघतो. अगदीच वेळ उरला नाही तर दावं सोडावं. मोकळ्या म्हशीला पोहता येतं, बांधलेलीला नाही.

दुसरं कारण बायका सांगतात, पुरुष सहसा सांगत नाहीत. शाळेत शंभर माणसांना दोन संडास, त्यांना आतून कडी नाही, रात्री दिवा नाही. तरण्या मुलीला घेऊन तिथं जाण्यापेक्षा माळ्यावर बसलेलं बरं, असं आईला वाटलं तर तिचं काय चुकलं? निवाऱ्याची तयारी तपासायची तर तांदळाच्या पोत्यांआधी ही कडी बघावी.

गावाकडं एक यादी हवी आणि ती दर जूनला नवी करायला हवी: अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या, डायलिसिसवर असलेले, एकटे राहणारे. प्रत्येक नावापुढं उचलून नेणाऱ्या दोघांची नावं. ही माणसं इशारा पातळीच्याही आधी हलवायची, कारण त्यांना नावेत घालणं सगळ्यात अवघड. फोनवर विसंबून राहू नये. वीज गेली की दुसऱ्या दिवशी मोबाइल बंद पडतात आणि टॉवरही. मग देवळाचा भोंगा, बॅटरीवरचा कर्णा आणि दारोदार फिरणारी पोरं, हेच उरतं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, राज्याचा १०७०, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर खडूनं नको, ऑइलपेंटनं लिहावेत.

घरच्या पिशवीबद्दल थोडंच सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत असते आणि तरी भरलेली नसते. सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, पोराची मार्कलिस्ट हे सगळं जाड प्लॅस्टिकमध्ये, आणि त्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकाच्या फोनमध्ये. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. बीपी-शुगरच्या माणसाला पुरापेक्षा चुकलेली गोळी आधी गाठते. आणि प्यायचं पाणी. चौफेर पाणी असताना नळ कोरडा पडतो, कारण शहराचं पाणी उपसणारी जॅकवेल नदीकाठीच असते आणि पहिली तीच बुडते. इशारा पातळी आली की घरातलं प्रत्येक झाकणाचं भांडं भरून ठेवावं, माणशी रोजचे तीन-चार लिटर धरून निदान आठवड्याचं. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला आणि रिकामी टाकी दोरीनं बांधलेली. रिकामी टाकी तरंगते आणि दारं फोडते.

पाणी ओसरल्यावर घराकडं धावत जावंसं वाटतं. तिथंच थांबावं लागतं. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी गेल्यावर, ऊन लागल्यावर कोसळतात. भिंत फुगली आहे का, पायाशी भेग आहे का, हे बाहेरून बघितल्याशिवाय आत जाऊ नये. वायरमननं तपासेपर्यंत मेन स्विच वर करू नये. पहिलं कपाट काठीनं उघडावं, कारण उबदार कोरडी जागा सापही शोधत असतो. चिखलात अनवाणी उतरू नये. पायाला जखम असेल तर लेप्टो तापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. विहीर आणि आड उपसून ब्लीचिंग टाकल्याशिवाय प्यायला घेऊ नये. आणि झाडू हातात घेण्याआधी खोलीखोलीचे फोटो काढावेत, नाहीतर तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा स्वच्छ घर आपल्याच विरोधात साक्ष देतं.

मग चिखल निघतो, भिंती वाळतात, दिवाळीच्या आधी रंगारी येतो. त्याला एक दिवस थांबवावं. भिंतीवरची गढूळ रेघ जिथं आहे तिथं छिन्नीनं एक बारीक खाच मारून घ्यावी, आणि तिच्याशेजारी तारीख आणि त्या वेळचा आयर्विनचा आकडा लिहावा. वही हरवते. नवा भाडेकरू येतो, त्याला कुणी काही सांगत नाही. खाचेवरून बोट फिरवून तो विचारेल, हे काय आहे?